झाडे मॅडमनी वाजवलेल्या टाळ्या

झाडे मॅडम गेल्याची बातमी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आली ती एक परिपत्रक आणि एका ऑनलाइन प्रशिक्षणाची लिंक यांच्या मधोमध. कुणी हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याखाली तशीच चित्रं येत गेली. मग कुणीतरी विचारलं, "लिंक ओपन होऊन नाई राह्यली, काय करायचं?" त्याला मात्र भराभर उत्तरं आली.

मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. आमच्या शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिकेनं माझ्या खांद्यावरून फोनमध्ये पाहिलं आणि विचारलं, "कोण होत्या ह्या?"

"ट्रेनिंग घ्यायच्या," मी म्हणाले.

ती मान हलवून वर्गात गेली. ट्रेनिंग घेणाऱ्या माणसांची आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना काय किंमत असते, ते मला ठाऊक आहे. चहा कधी येतो याकडे डोळे लावून आम्ही त्यांच्यासमोर बसतो आणि सही करून उठतो. झाडे मॅडमच्या ट्रेनिंगमधून मात्र मी कित्येकदा चहा विसरून घरी आले आहे.

शैला झाडे मूळच्या देवळीच्या. घरची वाडी होती, भाऊ भाजीपाला पिकवायचा. मॅडम तालुक्याच्या साधन केंद्रात कंत्राटी साधनव्यक्ती होत्या, म्हणजे शिक्षकांना शिकवणाऱ्या शिक्षिका. कधीतरी पुण्याला जाऊन मेंदू कसा शिकतो यावरचा एक लांबलचक अभ्यासक्रम त्या करून आल्या आणि मग त्यांना दुसरं काही सुचेना. घरच्या गोष्टी त्या बोलत नसत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एवढंच मला माहीत. उंच, हडकुळ्या, एक गुडघा दुखरा. सुती पातळ, खांद्यावर कापडी पिशवी, आणि पिशवीत पाण्याची बाटली. ती बाटली तहानेसाठी नव्हती. वर्गात प्रश्न विचारला की त्या लगेच एक घोट घेत आणि तो सावकाश गिळत.

"प्रश्न विचारला का पाणी प्या," त्या आम्हाला सांगायच्या. "तोंडात पाणी असलं का मास्तरले बोलता येत नाई. तेवढ्यात पोराले सुचते."

त्यांचं पहिलं ट्रेनिंग मला लख्ख आठवतं. आम्ही सगळे पंचायत समितीच्या सभागृहात जमलो होतो. मेंदूविज्ञान म्हणजे आता पडद्यावर रंगीत मेंदू येणार आणि इंग्रजी नावं पाठ करावी लागणार, अशी आमची समजूत. मॅडम आल्या, कुणाला नमस्कार नाही की ओळख नाही. फळ्यावर तेलुगूतल्या चार ओळी लिहिल्या, एकदा वाचून दाखवल्या आणि म्हणाल्या, "चला, लिहून घ्या. मंग एकेकानं उभं राहून वाचाचं."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. बाकांमधून फिरू लागल्या. "हे काय काढलं? हे अक्षर आहे का जिलबी?" "बाजूच्याचं नोको पाहू." "एवढं सोपं सांगितलं तरी येत नाई तुमाले?" बघता बघता सभागृह गप्प झालं. मी मान खाली घालून त्या वेटोळ्यांवर पेन फिरवत होते आणि मनात एकच होतं, मला उठवू नका.

उठवलं ते राऊत गुरुजींना. राऊत गुरुजी म्हणजे आमच्या तालुक्यातले जुने मुख्याध्यापक, दोनेक वर्षांत निवृत्त होणारे. धोतर नाही, पण धोतराचा रुबाब. ते उभे राहिले. फळ्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, आत्ताच तं सांगितलं होतं. ध्यान कुठं होतं?"

गुरुजींचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी वही आपटली. "बाई, मी पस्तीस वर्षं फळ्यासमोर काढली. माह्या अपमान कराले बोलावलं का मले?"

तेव्हा कुठे मॅडमनी खडू ठेवला आणि हात जोडले. "माफ करा गुरुजी. आता कोणी मले सांगा, आत्ता गुरुजीच्या डोक्यात काय सुरू होतं? तेलुगू होतं का?"

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला. अखेरीस गुरुजी स्वतःच म्हणाले, "काई नव्हतं. निरा अंधार होता."

"हेच सांगाचं होतं," मॅडम म्हणाल्या. "भेव समोरच्या दारानं आलं का शिकणं मागच्या दारानं निंगून जाते. पोरगं मठ्ठ नसते. त्याच्या डोक्यातली सगळी जागा भेवानं घेतली असते."

जेवणाच्या सुटीत गुरुजी एकटेच चिंचेखाली बसले होते. मॅडम आपला डबा घेऊन त्यांच्याजवळ गेल्या. गुरुजी रागावले असतील म्हणून आम्ही लांबून पाहत होतो. ते रागावले नव्हते. त्यांनी मॅडमच्या डब्यातला ठेचा घेतला आणि म्हणाले, "मी तं एकच दिवस बसलो बाई. ते लेकरं रोज बसते."

मेंदूचं चित्र मॅडमनी कधी पडद्यावर दाखवलं नाही. भावाच्या वाडीतली फुलकोबी आणायच्या, टेबलावर ठेवायच्या, सुरीनं मधून कापायच्या आणि तिचे तुरे दाखवत बोलायच्या. सगळं सांगून झालं की म्हणायच्या, "आता हे विसरा. मेंदू असा नसते. फक्त असा दिसते." ती फुलकोबी मग खिचडी शिजवणाऱ्या बाईंकडे जायची. शिक्षकांमध्ये त्यांचं नाव फुलकोबी मॅडम पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मोठे शब्द त्या वापरत नसत. धडा पुन्हा पुन्हा वाचून घेण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायला लावा, हे सांगताना म्हणायच्या, "वाचणं म्हणजे पाहुण्याले दारातून जाताना पाहणं. आठवणं म्हणजे त्याले नाव घेऊन हाक मारणं. दहा खेपा पाह्यला तरी नाव येत नाई. एक खेप हाक मारली का डोक्यात बसते." डावा मेंदू गणिताचा, उजवा कलेचा असलं काही कुणी बोललं की त्या डोक्याला हात लावत. एकदा एका तरुण शिक्षकानं विचारलं, "मॅडम, पोरं हुशार व्हाची एखादी ट्रिक सांगा ना."

"झोपू द्या."

"म्हणजे?"

"कापूस वेचाच्या दिवसात पोरं पहाटे मायसंगं वावरात जाते आणि मंग शाळेत येते. दुपारी डुलक्या घेते आणि तुम्ही त्यायले उभं करता. थोडा वेळ डोकं ठेवू द्या बाकावर. झोपेत मेंदू सकाळचं शिकलेलं जागच्या जागी लावते."

दोन-तीन शाळांनी ते खरंच केलं. लगेच गावातून तक्रार गेली, की एक मॅडम सरकारी पगारात पोरांना झोपवत फिरते. तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांनी बोलावून घेतलं. मॅडम जाऊन आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "साहेबाले समजावून सांगितलं. पण त्याची झोप झाली नव्हती, डोक्यात काई गेलं नाई." आणि खळखळून हसल्या. त्यांचं ते हसणं पुढे फारसं ऐकायला मिळालं नाही.

ट्रेनिंग झालं की त्या शाळांवर यायच्या. माझ्या तिसरीच्या वर्गात येऊन मागे मुलांमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या. मी पाण्याची वाफ शिकवत होते. भांड्यातलं पाणी कमी झालं, ते गेलं कुठे, असं विचारून मी स्वतःच सांगायला तोंड उघडलं, तर मागून मॅडमनी बाटली उंच करून दाखवली. मी गप्प राहिले. वर्ग गप्प. ती शांतता मला फार जड गेली. मग कोपऱ्यातली एक मुलगी, जी वर्षभर माझ्याशी फक्त हजेरीला बोलली होती, हळूच म्हणाली, "भिंतीत जाते बाई. आमच्या चुलीच्या वरची भिंत ओली राह्यते."

मधल्या सुटीत मॅडम मला म्हणाल्या, "वंदना, पाह्यलं? पोरीजवळ चूल होती, भिंत होती, सगळं होतं. फक्त तिले जागा नव्हती." आणि वर, "मेंदूबद्दल आपल्याले लय थोडं समजलं आहे बाई. जो म्हणते का मले सगळं समजलं, त्याच्यापासून पोरं सांभाळ."

तसा एक जण पुढे आमच्या तालुक्यात आला.

बाहेरच्या शहरातला एक खाजगी क्लास होता. मुलांचा मेंदू जागा करतो, डोळे बांधूनही मूल वाचू लागतं, असा त्याचा दावा. त्यांची जाहिरात सगळ्यांच्या फोनवर फिरत होती. त्यांनी तालुक्यातल्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी एक मोठा कार्यक्रम ठेवला. आमच्या साहेबांना ते पसंत पडलं. सगळ्या शाळांना निरोप गेला, आणि मॅडमना तर मंचावरच खुर्ची होती. त्यांनी आदल्या दिवशी मला फोन केला होता. "उद्या मी तिथंच त्यायचं सोंग उघडं पाडते. पुढच्या रांगेत बसजो."

पुढची रांग भरली होती. मी मध्यावर कुठेतरी बसले. हॉल गच्च होता. गाणी, दिवे, सूत्रसंचालन करणारा सुटाबुटातला माणूस. मग एका मुलीला मंचावर आणलं. पाचवीतली असेल. तिचं नाव स्वरा, पुलगावची, आईवडील समोरच बसलेले. चमकीचा फ्रॉक, दोन वेण्या. तिच्या डोळ्यांवर जाड काळी पट्टी बांधली. तिनं चेंडूचा रंग सांगितला, नोटेवरचा आकडा सांगितला. पालक उभे राहून फोनमध्ये चित्रीकरण करत होते. मग तो सुटाबुटातला म्हणाला, "आता आपल्याच तालुक्यातल्या मेंदूतज्ज्ञ झाडे मॅडम स्वतः परीक्षा घेतील."

मॅडम उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पिशवीतून एक कार्ड काढलं. त्यावर त्यांनी घरून काही लिहून आणलं होतं. एका हातानं मुलीचा हात धरला, दुसऱ्या हातानं ते कार्ड मुलीच्या कपाळासमोर धरलं. मुलगी गप्प. हॉल गप्प. मॅडम तशाच उभ्या. आणि मग मी पाहिलं, की ते कार्ड हळूहळू खाली आलं, मुलीच्या छातीपाशी. मुलीनं हनुवटी किंचित वर केली आणि वाचलं, "चिमणी पाणी पिते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी कार्ड पिशवीत घातलं, मुलीकडे पाहिलं आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पुष्कळ फ्लॅश चमकले.

माझ्या शेजारचे सर म्हणाले, "म्हणजे खरंच असते का हे?" मॅडमनी स्वतः तपासलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळीकडे होता. मॅडम टाळ्या वाजवताहेत, शेजारी पट्टी बांधलेली मुलगी, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, तज्ज्ञांनी मान्य केलं. क्लासची शाखा तालुक्यात उघडली. आमच्याच शिक्षकांनी आपापली मुलं घातली. ज्या आईबापांनी मुलाच्या शाळेत कधी पाऊल टाकलं नव्हतं, तेही तिथे रांगेत उभे राहिले. मॅडमचा फोन बंद लागत होता.

रविवारी मी देवळीला त्यांच्या घरी गेले. त्या मागच्या अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "पट्टीच्या खालून दिसते. नाकाच्या दोन्ही बाजूनं फट राह्यते. वस्तू छातीजवळ धरली का वाचता येते, वरतं धरली का नाई. एवढीशी गोष्ट आहे."

"मग मॅडम, तुम्ही कार्ड खाली का आणलं?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तिचा हात धरला ना मी. बर्फासारखा गार होता. वंदना, पोरगी थरथर कापत होती. समोर तिचे मायबाप, हजार माणसं, ते सगळे मोबाईल. मी म्हटलं, ह्या लेकराले आत्ता खोटं पाडलं तं हे जन्मभर फळ्यासमोर उभं राहणार नाई. सोंग त्या सुटवाल्याचं आहे, पोरीचं नाई. त्याले मंग पाहू. आणि मी हात खाली घेतला. तिले बरं वाटावं म्हणून टाळ्याही वाजवल्या."

मला तेव्हा ते पटलं. मी म्हणालेही, "बरोबरच केलं तुम्ही."

"पुढचं ऐक." त्यांचा आवाज बदलला. "कार्यक्रम झाल्यावर मी मागच्या खोलीत गेली. पोरगी एकटीच खुर्चीवर बसली होती, पट्टी हातात. मले म्हणे, मॅडम, तुम्ही कार्ड पयले वरतं धरलं होतं ना? मी म्हटलं, हो. म्हणे, मंग खाली काऊन आणलं? मी म्हटलं, तुले वाचता यावं म्हणून बाळा. तिनं माह्याकडे पाह्यलं आणि म्हणाली, वरतंच ठेवाचं होतं ना. मंग मले उद्या नागपूरले जा लागलं नसतं."

अंगणात ऊन होतं. पलीकडे त्यांचा भाऊ मोटर सुरू करायच्या खटपटीत होता.

"ते तिले गावोगाव फिरवत होते," मॅडम म्हणाल्या. "शाळा बुडवून. ती वाट पाहत होती कोणी पकडते का म्हणून. मी वरतं कार्ड धरलं तेव्हा तिले वाटलं, सुटली. भेली होती हे खरं. पण कायले भेली, हे मी विचारलंच नाई. इतके वर्षं मास्तरायले सांगत आली, थांबा, लेकराले बोलू द्या. आणि माह्यावर आलं तेव्हा तिचं उत्तर मीच देऊन टाकलं."

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही दोघी पुलगावला स्वराच्या घरी गेलो. पत्ता शोधत शोधत डेपोच्या रस्त्यानं चालताना मॅडमचा गुडघा फार दुखत होता, पण रिक्षा करू दिली नाही. वडिलांनी आदरानं बसवलं, पोहे आणायला सांगितले. बैठकीत भिंतीवर तोच फोटो चौकटीत लावलेला होता.

मॅडमनी सगळं सांगितलं. पट्टी कशी, फट कशी, मूल कसं वाचतं. म्हणाल्या, "पोरीले शाळेत जाऊ द्या. ती थकली आहे."

वडील शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः परीक्षा घेतली ना?"

"घेतली."

"टाळ्याही वाजवल्या ना?"

"वाजवल्या. चूक झाली माह्यी."

"मंग आता काऊन असं बोलून राह्यल्या? दुसऱ्या क्लासवाल्यानं पाठवलं का तुमाले?"

मॅडमनी पिशवीतून ओढणी काढली. म्हणाल्या, पोरीला बोलवा, आत्ता दाखवते. पण स्वरा घरी नव्हती. ती त्या लोकांबरोबर कुठल्याशा गावाला गेली होती. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आम्ही निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "झोपेत बडबडते ती. पण यायले कोण सांगन?" तेवढ्यात आतून हाक आली आणि ती वळली.

मॅडम परत जाणार होत्या, गेल्याही. दुसऱ्या खेपेला दार उघडलं नाही. वर्षाअखेरीला त्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब पुलगाव सोडून गेलं. स्वराचं पुढे काय झालं, मॅडमना कळलं नाही. मलाही नाही.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत, जिथे आसपासच्या शाळांचे सगळे शिक्षक एकत्र येतात, मॅडम उभ्या राहिल्या. विषय वेगळा होता, साहेब हजर होते. मॅडमनी माझीच ओढणी मागून घेतली, स्वतःच्या डोळ्यांवर बांधली आणि एका शिक्षकाला पुस्तक धरायला सांगितलं. खाली धरलं तेव्हा धडाधड वाचलं. वर धरलं तेव्हा थांबल्या. मग पट्टी काढून म्हणाल्या, "मले हे त्या दिवशीही माहीत होतं. मी गप्प बसली. फोटोतल्या टाळ्या माह्याच आहे आणि त्या खोट्या आहे. तुमच्यापैकी ज्यायनं माह्यामुळे पोरं तिथं घातली, त्यायनं काढून घ्या."

परिषदेत कुजबुज झाली. काही जण खाली पाहत होते. ज्या शिक्षकांनी मुलं घातली होती त्यांनाच सगळ्यात जास्त राग आला. आधी का नाही बोलल्या, असं एक शिक्षिका तोंडावर म्हणाल्या. एकटे राऊत गुरुजी, तेव्हा निवृत्त झालेले, बोलावल्यामुळे आलेले, उठून त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले.

त्या वर्षी मॅडमचं कंत्राट वाढलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मेंदूविज्ञानाचं प्रशिक्षण मग फोनवर आलं. चित्रफीत पाहायची, प्रश्नांवर टिचकी मारायची, प्रमाणपत्र घ्यायचं. मॅडमनी देवळीला घरीच शनिवारी दुपारी शिक्षकांना बोलवायला सुरुवात केली. पहिल्यांदा अंगण भरलं, मग ओटा पुरायला लागला. शेवटी मी आणि आणखी दोघी उरलो. आमच्याही बदल्या झाल्या, घरं लांब पडली. मॅडम तक्रार करत नसत. मात्र बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि विचारायच्या, "वंदना, ती आता कितवीत असन?" मी अंदाजानं सांगायचे. त्या मनातल्या मनात काहीतरी जुळवत बसायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वर्ध्याच्या बस स्टँडवर. मार्च संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. त्या दवाखान्यात दाखवून परत देवळीला निघाल्या होत्या. फार वाळल्या होत्या. मी हिंगणघाटच्या गाडीची वाट पाहत होते. दोघी बाकावर बसलो. मी मोसंबी सोलून दिली, तिची एक फोड त्या किती तरी वेळ हातात धरून होत्या.

तेवढ्यात एक तरुण बाई समोर आली. सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. "मॅडम, ओळखलं का? मी तुमच्या ट्रेनिंगले होती. तेलुगू शिकवलं होतं तुम्ही." मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी तिला नाव विचारलं, शाळा विचारली. ती उत्साहानं बोलत होती. मुलाचा खांदा पुढे करून म्हणाली, "यालेही टाकलं बरं का ब्रेनच्या क्लासमध्ये. मिस्टर नाई म्हणत होते. मी तुमचा फोटो दाखवला, मंग तयार झाले."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. मोसंबीची फोड खाली पडली. "ते खोटं आहे बाई. मी चुकली होती तेव्हा. पट्टीच्या खालून दिसते, पाह्य, मी तुले दाखवते..." त्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

ती बाई गोंधळली. माझ्याकडे पाहिलं. या वयात असं होतं, असा काहीसा भाव तिच्या डोळ्यांत आला. "हो हो मॅडम," ती मऊपणे म्हणाली. "पण याले खरंच दिसते. तब्येत सांभाळा." तिची आर्वीची गाडी लागली होती. मुलाला ओढत ती गर्दीतून चढलीही.

माझीही गाडी फलाटावर येऊन उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "जाय तू. जागा भेटणार नाई." मी त्यांच्या हाताला हात लावला, चढले, खिडकीशी बसले. गाडी मागे घेऊन वळत होती तेव्हा मी पाहिलं, मॅडम बाकावर नव्हत्या. दुखरा पाय ओढत त्या आर्वीच्या गाडीच्या बाजूनं चालल्या होत्या. प्रत्येक खिडकीत डोकावत होत्या. एका खिडकीशी थांबून त्यांनी काचेवर थाप मारली. काच सरकली. आत तो मुलगा होता. मॅडमनी मान वर करून त्याला काहीतरी विचारलं आणि गप्प उभ्या राहिल्या.

गाडी हलली. त्यांनी पत्र्यावर हात ठेवला आणि गाडीबरोबर चालू लागल्या, तोंड वर, एक शब्द न बोलता. मुलगा बोलायला लागला होता.